गोदामाचा अडसर

स्वयंपाकघराच्या दारावर बुटांचे चार ठसे होते, त्यातले तीन जवळजवळ एकावर एक. वरची फळी चिरफाळली होती. मूठ उखडून फरशीवर पडली होती. दार बंद होतं.

"आत दोघी आहेत, सासू आणि सून," पोलीसबाई मास्कआडून म्हणाल्या. "सुनेच्या नवऱ्याला पहाटेच नेलं. पण दार काही उघडेना."

किल्लीवाल्यानं फुटक्या फळीतून हात घालून चाचपलं. "कसं उघडेल? लोखंडी अडसर वाकून खाचेत रुतलाय. मीच बसवलाय हा."

"स्वयंपाकघराला अडसर?"

"मीसुद्धा बाहेरच्याच दाराचं माप घ्यायला लागलो होतो. आतल्या ताई म्हणाल्या, ते नको, हे. टाळेबंदीत दुकानं बंद, साधी कडी मिळेना. हा एका गोदामासाठी बनवला होता. पण चोरच घरी बसले, तेव्हा गोदामवाल्यानं नको म्हटलं. मग लावला इथे."

"आमच्याकडेही तेच. महिनाभरात एक घरफोडी नाही. फोन येतात ते सगळे घरातून."

"काय रे किल्लीवाल्या," दारामागून म्हातारा आवाज आला, "गप्पा संपल्या की काढ आम्हाला. तशी घाई नाही म्हणा. गॅस आहे, पाणी आहे, सून आहे."

"आजी, फोन तुम्ही केलात?" पोलीसबाईंनी विचारलं.

"मीच. त्याचं नावही मीच सांगितलं. मीच ठेवलंय ते, चुकेन कशी?"

किल्लीवाल्यानं पिशवीतून हातोडी काढली.

"आई, मागे सरका, लागेल तुम्हाला," आतून सुनेचा आवाज आला.

किल्लीवाल्यानं खालून हातोडीचे ठोके दिले. अडसर सुटला, दार उघडलं. दोघी ओट्याला टेकून उभ्या होत्या. सुनेच्या ओठाला सूज होती.

"दादा, बसवलात तेव्हा मी याला नावं ठेवली होती," ती म्हणाली. "घर आहे की तुरुंग, म्हणून." तिनं हात जोडले.

"अहो, मला नका जोडू. साधी कडी मिळाली असती तर तीच लावून मोकळा झालो असतो."

"कशामुळे का होईना, वाचलो," सासू म्हणाली. "बस. आधी चहा पी."

चहा झाल्यावर पोलीसबाईंनी वही उघडली. "तो म्हणतो, पाणी हवं होतं म्हणून दोनदा दार ढकललं, एवढंच. किरकोळ भांडण असं लिहिलं गेलं, तर संध्याकाळी तो घरी येईल."

सुनेनं कप खाली ठेवला. सासूनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बसवलात तेव्हा हा सरळ होता?" पोलीसबाईंनी किल्लीवाल्याला विचारलं.

"सरळ नसता तर खाचेत गेलाच नसता."

"मग मोजा आता."

त्यानं अडसर ओट्यावर आडवा ठेवला. दोन्ही टोकं टेकली, मधे फट राहिली. त्यानं फटीत मोजपट्टी उभी धरली. पोलीसबाईंनी वाकून फोटो काढला.

"जाडी आठ मिलिमीटर," तो म्हणाला. "बाक एकोणीस."