एमलिनचा मेंढा

शेजारच्या एमलिनचा मेंढा पुन्हा त्यांच्या मेंढ्यांत शिरला होता. मेरेरिदने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मेंढ्याचं काय, तो काही पहिल्यांदा आला नव्हता. तिला धास्ती होती ती बाबांची.

नोव्हेंबर लागला की मेंढ्याच्या छातीला रंग फासतात. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर डाग उमटतो, मग कुठली मेंढी फळली ते लांबूनही कळतं. एमलिनचा रंग निळा. आज वरच्या कुरणात बऱ्याच पाठी निळ्या झाल्या होत्या.

ती वळली. बाबा बेसिनपाशी उभे होते. नळ वाहत होता आणि त्यांचे हात मनगटापर्यंत निळे होते.

"बाबा, पुन्हा?"

बाबा हातांकडेच बघत राहिले. "झालं खरं," ते म्हणाले. "लक्षात नाही राहिलं."

"आणि माझा कोट कशाला भिजवलात?" दाराजवळच्या खुंटीवर कोट निथळत होता.

"मळला होता."

"आता मी बाहेर घालू काय?"

"माझा घाल की."

तिला राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. पण करणार काय? खालच्या रस्त्यावरून लाकडांनी भरलेले ट्रक सुसाट जातात. मागच्या खेपेला हाच मेंढा रस्त्यावर उतरला आणि पाववाल्याची गाडी नाल्यात जाता जाता वाचली. तेव्हाच कार्डिफहून तिच्या भावाने, रिसने, बजावलं होतं: बाबांनी आणखी एकदा एमलिनचं फाटक उघडलं तर ते वृद्धाश्रमात. मग तू कितीही रडलीस तरी मी ऐकणार नाही.

एमलिनचं शेजारचं शेत पूर्वी बाबांचंच होतं. मेरेरिद लहान असताना नोव्हेंबरात तिथला मेंढा मेंढ्यांकडे आणायचं काम तिच्याकडे असे. दोन्ही हातांनी त्याच्या मानेला मिठी मारून ती त्याला ढकलत आणायची, मॉट कुत्रा मागून भुंकत यायचा आणि बाबा बांधावर उभे राहून हसायचे. पुढे शेत विकावं लागलं. ते विकणंच आता बाबांच्या डोक्यातून पुसलं गेलंय, दुसरं काय.

तिने एमलिनला फोन केला. तो आपली छोटी गाडी घेऊन आला.

"मॉट! मॉट, चल," मेरेरिदने पायरीवरच्या कुत्र्याला हाक मारली. कुत्रा जागचा हलला नाही. "हट्टी झालाय मेला."

एमलिनने शीळ घातली. "कॅप, ये रे." कुत्रा उठून त्याच्यामागे धावला.

मेंढा गाडीत चढल्यावर एमलिन टोपी मागे सारून उभा राहिला. "मेरेरिद, माझं ते फाटक खाली बसलंय गं. उचलून ढकलल्याशिवाय सरकत नाही. मलाच घाम फुटतो."

"म्हातारा चिवट आहे."

"असेल बुवा. पण त्यांचे गुडघे..." तो थांबला. खिडकीतून बाबा त्याच्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. एमलिनने टोपी पुढे ओढली आणि तो निघून गेला.

दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. रिसला सांगावं तर बाबा घरातून जातात, न सांगावं तर उद्या एखाद्या ट्रकखाली कुणाचं तरी पोर जाईल. शेवटी संध्याकाळी तिने रिसला फोन केला.  बाबा शेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ते एका शब्दाने आड आले नाहीत.

रिस रविवारी गाडी घेऊन आला. बाबांची बॅग मेरेरिदनेच भरली. चष्मा, गोळ्या, लोकरी मोजे.

"मी गेल्यावर तुझ्याकडे कोण बघणार?" बाबांनी विचारलं.

"माझ्याकडे?" ती रडता रडता हसली. "माझं मी बघेन. तुम्ही स्वतःला सांभाळा."

"किटली रिकामीच गॅसवर ठेवू नकोस हं."

"ती तुम्ही ठेवता, बाबा."

"हो," बाबा म्हणाले. "मीच ठेवतो."

गाडीत बसण्यापूर्वी ते बांधापर्यंत गेले. एमलिन पलीकडे कुंपण दुरुस्त करत होता. बाबा त्याच्याशी बराच वेळ खालच्या आवाजात बोलले. येताना त्यांनी डोळे पुसले. घर सोडायचं म्हणजे कुणालाही रडू येणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेरिद खिडकीशी आली आणि बघतच राहिली. कुरणात, तिच्या मेंढ्यांच्या मधोमध, एमलिनचा मेंढा उभा होता.

आधी तिला काही सुचेना. मग तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. फाटक उघडणारे बाबा नव्हतेच. बाबा तर कार्डिफला आहेत. फाटकच नादुरुस्त आहे, आपोआप उघडतं, आणि आपण गरीब म्हाताऱ्यावर आळ घेतला. आत्ताच्या आत्ता रिसला सांगायचं, बाबांना दुपारपर्यंत घरी आणायचं. तिने एमलिनला फोन लावला आणि त्याची वाट बघत ती दारातच थांबली. बाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही.

एमलिन अंगणात आला.

"आता बोल," ती म्हणाली. "तुझं फाटक, आणि शिक्षा माझ्या बापाला. बाबांनी कधी हातसुद्धा लावला नसेल त्याला."

"नाही लावला," एमलिन म्हणाला. "मला ठाऊक आहे."

"मग त्यांचे हात निळे कशाने झाले होते?"

 एमलिन तिच्या तोंडाकडे नाही, अंगातल्या कोटाकडे बघत होता. तिने खाली पाहिलं. कोट गळ्यापासून खिशापर्यंत निळा झाला होता आणि रंग अजून ओला होता.