बंपरवरचा डाग

मुफ्लेह ट्रकच्या लांबलचक चासीखाली आडवा झाला होता. बाहेर फक्त बूट दिसत होते. बूट मजेत हलत होते, म्हणजे नवरा आतून खूश आहे, हे नौफाला कळलं.

"पाटे बघ, स्प्रिंगचे पाटे!" तो खालून ओरडला. "टाकी काठोकाठ भरली तरी दबायची नाही. मशीन मागे, पाणी तापवायचा बंब मध्ये, पाइपाचं भेंडोळं बाजूला. गालिचे धुऊन दमलो तर वर झोपायलाही जागा!"

"आणि भट्टीवाल्याच्या कोपऱ्यावर वळवशील कशी? उचलून?"

बूट थांबले.

झर्का शहरातल्या त्या आवारात जुन्या ट्रकांच्या चासी रांगेने उभ्या होत्या, पुढे केबिन आणि मागे नुसता सांगाडा. नौफाने घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. त्यांच्या डोंगरउतारावरच्या गावात, सल्तमध्ये, पावाच्या भट्टीवाल्याच्या अरुंद कोपऱ्यावर गाडीला वळायला जेवढी जागा मिळते, तेवढ्यावर तिला गाठ मारलेली. लांब चासीला दोरी लावली, तर गाठ मागच्या चाकापर्यंतसुद्धा पोचेना. कुंपणाशी एक आखूड, चपट्या नाकाची चासी होती. तिच्यापुढे मात्र दोरी वीतभर उरली.

त्या कोपऱ्याच्या वर राहणाऱ्या माणसांनी या दोघांना पोसलं होतं. मुफ्लेहने त्यांचे गालिचे खांद्यावर घालून पायऱ्या उतरायच्या, आपल्या गच्चीवर धुवायचे, पुन्हा वर न्यायचे. गेल्या हिवाळ्यात त्याची पाठ गेली. तेव्हा वरच्या बायका मसुराच्या सूपची पातेली घेऊन खाली आल्या. गालिचे त्यांनी दुसऱ्या कुणाला दिले नाहीत, मळके राहू दिले. वरच्या मशिदीतला गालिचा तर भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला. तो धुवायला माणसानेच तिथे जायचं. रमजान तोंडावर आला, तरी मशिदीची मंडळी मुफ्लेहसाठी थांबली होती. असं कोण कुणासाठी थांबतं?

"ती आखूड विकायची नाही हं," आवाराचा मालक अबू सत्ताम कॉफीचं भांडं घेऊन येत म्हणाला. "पुतण्यासाठी ठेवलीय. शेळ्यामेंढ्यांना पाणी न्यायला."

मुफ्लेह अंग झाडत बाहेर आला. अबू सत्तामने वेलदोड्याच्या कॉफीचा इवलासा कप त्याच्या हातात दिला. मुफ्लेहचं सगळं लक्ष त्या आखूड चासीकडे. तिच्यापाशी गेला, कप तसाच भरलेला तिच्या बंपरवर ठेवला आणि सरळ खाली शिरला.

अबू सत्ताम कपाकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरच्या रुमालाचा काळा गोफ नीट केला, पाठ ताठ केली.

"मुफ्लेह, बोल. काय मागणं आहे?"

"कसलं मागणं?" खालून आवाज आला.

"माझ्या दारात येऊन कॉफी न पिता खाली ठेवलीस. आता माग."

खालून डोकं आपटल्याचा आवाज आला. पाहुण्याने कप न पिता खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं आणि यजमान हो म्हणेपर्यंत तो कपाला ओठ लावत नाही. हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक. मुफ्लेह मात्र पाटे बघायच्या नादात विसरला होता. तो कानापर्यंत लाल होऊन बाहेर आला.

"काका, ते आपलं चुकून..."

नौफाने त्याच्या पायावर पाय दिला. "आता चुकून म्हणशील तर त्यांच्या कॉफीचा अपमान होईल," ती पुटपुटली. "तोंड उघड."

मुफ्लेहने टोपी काढून हातात धरली. "खोटं नाही बोलत, काका. विसरूनच ठेवला. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वरची माणसं, मशिदीची मंडळीसुद्धा, माझ्यासाठी थांबलीत. लांब गाडी घेतली तर मी खालच्या सपाट वस्तीत खूप कमवीन, पण ती भट्टीवाल्याच्या कोपऱ्यावर वळणार नाही, त्यांच्या दारात पोचणार नाही. ही आखूड मला द्या."

अबू सत्तामने एकदा लांब चासीकडे पाहिलं, एकदा आखूड चासीकडे. नौफाने हातातली दोरी गच्च धरली.

"पी," तो शेवटी म्हणाला. "पुतण्याला लांब देतो. शेळ्यांच्या वाटेत कुठे आलाय भट्टीवाला!"

मुफ्लेहने कप उचलला. कॉफी गार झाली होती. इतकी गोड कॉफी आपण जन्मात प्यायलो नाही, असं त्याला वाटलं, आणि त्यात साखरेचा कणही नव्हता. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत.

"तुमचे हात सलामत राहोत, काका," नौफा म्हणाली.

अबू सत्तामने स्वतःसाठी कप भरला. तोंडाशी नेला, थांबला आणि त्याच बंपरवर ठेवला.

"आता माझं मागणं," तो खाली बघत म्हणाला. "आमची म्हातारी आई गालिच्यावरच असते, उठवत नाही तिला. कुणाला तो बाहेर नेऊ देत नाही. म्हणते, आधी मी जाईन, मग गालिचा. तुमची गाडी दारात आली, तर ती अर्ध्यावर सरकेल. तेवढ्यात तुम्ही दुसरा अर्धा धुवा."

"पहिली फेरी आईकडे," मुफ्लेह म्हणाला.

"मशिदीच्या आधी?"

"आधी. प्या काका, गार होतेय."

अबू सत्तामने घाईने कप उचलला. चार थेंब बंपरवर सांडले.

डाग काढण्यात नौफाचा हात धरणारं सल्तमध्ये कुणी नाही. गाडी घरी आली, तेव्हा तिने ती छतापासून चाकांपर्यंत घासून धुतली. बंपरवरचा तेवढा डाग मात्र तिने राहू दिला.