फक्त वाचन आणि लेखन

सतरा नंबरचा निबंध मंगळवारी दुपारी दोनपर्यंत आला नव्हता. हुकमचंदनं पाचव्यांदा मेल उघडून पाहिला. बाकी एकवीस जणांचे निबंध सकाळीच येऊन पडले होते. त्यांची त्याला तेवढी घाई नव्हती.

बियाण्यांच्या कंपनीसाठी बारा वर्षं मेक्सिकोत काढलेला हा माणूस, गल्लीत नुकतंच ब्रॉडबँड आलं तसा, जुन्या जालन्यात बसून विद्यापीठाच्या मुलांना स्पॅनिश शिकवू लागला होता. फक्त वाचन आणि लेखन. पक्षपात नको म्हणून विद्यापीठ मुलांची नावं कळवत नसे, नुसते नंबर; मेलचे पत्तेही नंबरांचेच. मुलांनाही मास्तरचं नाव सांगत नसे. निबंध तो मोठ्यानं वाचत तपासायचा. घरात तेवढाच काय तो आवाज.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला, वरच्या मजल्यावर त्याची खोली, त्याचा जुना कॉम्प्युटर आणि त्याची बायको संतोषबाई. सुनेनं सासऱ्यासमोर घुंघट घ्यायचा, बोलायचं नाही, ही घरची रीत. हुकमचंदनं ती घातली नव्हती, पण मोडायची तसदीही कधी घेतली नव्हती. ताट वेळेवर येई, वेळेवर उचललं जाई.

शेजारचा रामकिसन चहाला आला की टोमणा मारून जाई. "शेटजी, मुकी भाषा शिकवून राह्यले तुम्ही. बोलू द्या न लेकरायला."

बोलणं अभ्यासक्रमात न्हाई, एवढंच हुकमचंद म्हणे.

सतरा नंबरनं एकदा लिहिलं होतं : आमच्या घरात दोन माणसं राहतात, दोघंही एकटी. वाक्यात एकही चूक नव्हती, त्यामुळं हुकमचंदला काही करता आलं नाही. मग तो निबंधाखाली दोन ओळी जास्तीच्या लिहू लागला. तिकडूनही येऊ लागल्या. आठवडाभरात त्याचं कुणाशी खरं बोलणं झालं तर एवढंच.

अडीचला मेल आला. निबंध नव्हताच. यंदापासून परीक्षेत दहा मिनिटं बोलायचं आहे. आमच्याकडं मोठ्यांच्या कानावर माझा आवाज पडलेला चालत नाही. तेव्हा अभ्यास सोडते आहे. आभार.

हुकमचंद भडकला. असली माणसं अजून कुठल्या गावात बसलीत, असं पुटपुटत त्यानं उत्तर लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता सवयीनं मोठ्यानं वाचलंही : त्या मोठ्यांना माझा निरोप द्या. पोरीनं तोंड उघडलं म्हणून भिंत पडत नाही. आजच बोला. ते काही म्हणाले तर मला कळवा, मी बघतो त्यांच्याकडं.

पाठवून तो बसून राहिला. ही गेली की मंगळवारही गेला, हा हिशेब त्याला बराबर येत होता.

उत्तर आलं नाही. जिन्यावर पावलं वाजली, उंबऱ्याशी येऊन थांबली. दाराच्या पडद्याआडून संतोषबाईचा आवाज आला. 

"बुएनास तार्देस, प्रोफेसोर."