बापाचं बेट

खुनाच्या गुन्ह्यात नवसूला काळ्या पाण्याची सजा झाली, तेव्हा त्याचा येसू झोळीतच होता. पोराला मान खाली घालून जगायला नको, म्हणून त्याची आई बाया त्याला थाप मारायची, "तुजा बा लांब बेटावर गेलाय. तितं चारी अंगांनी समिंदर, बारा म्हयने शहाळी. भात सरकार घालतं, आगबोटीचं भाडंबी सरकारच भरतं."

लोणावळ्याला हवा खायला आलेल्यांना करवंदं विकता विकता येसू मोठा झाला. आपणही एकदा बेटावर जायचं, हा त्याचा एकच ध्यास.

आज तो पळतच खोपटात आला. हातातला कोयता रक्तानं माखलेला, आणि तोंडभर हसू.



"आये, बा बेटावर कसा गेला ते कळलं मला. आता सरकार मलाबी धाडतंय!"