पालीचं पाप
"पोटुशी असताना हिनं पाल मारली, डॉक्टर. म्हणून माझी नात अशी वाकडी जन्मली," पार्तिनानं जावा बेटावरल्या वोनोगिरीच्या दवाखान्यातही सुनेला सोडलं नाही.

रातमी पाच वर्षं हेच ऐकत आली होती. मांडीवरच्या लारासचे ताठरलेले पाय ती चोळत राहिली.

"पालीचा काही संबंध नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा सेरेब्रल पाल्सी आहे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा. कळा किती वेळ चालल्या?"

"दोन दिवस," रातमी म्हणाली.

"दोन दिवस? मग आजी, सुनेला तेव्हा इथं का नाही आणलंत?"

रातमी सासूकडे वळली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"सांगा ना, आई. दार अडवून कोण बसलं होतं?"