समोरचा बाक

आई गेली आणि कापडचित्रं करणाऱ्या तिच्या लेकीने दुसऱ्याच आठवड्यात काम सुरू केलं. पावसाळाभर ती आईचे कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक्स-रेचे तुकडे एकावर एक शिवत राहिली. सुई बोटात घुसली तरी तिला कळायचं नाही. भिंतभर चित्र झालं, प्रदर्शनात लागलं. लोक "वा, छान!" म्हणत आणि पुढे सरकत. तिला त्याचं ना सुख, ना दुःख.

एक म्हातारी मात्र रोज चार वाजता येऊन त्या चित्रासमोरच्या बाकावर तासभर बसून राही. पाचव्या दिवशी लेकीला राहवेना. कितीतरी दिवसांनी आत काहीतरी हललं होतं.

"मावशी, हे मी केलंय. काय दिसतं तुम्हाला यात?"

म्हातारी ओशाळली. "खोटं कशाला बोलू बाळा? मला यातलं काही कळत नाही. घरी एकटीच असते, थंडी सोसवत नाही. इथे बाकाखाली हीटर आहे, म्हणून येते."

लेकीने गार पडलेले हात काखेत घेतले.

 

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं आणि सरकून जागा केली. "अगं, पण तू तर पार गारठलीयस! ये, बस जवळ."