पिवळी भिंत

"निळा नको," सूनबाई म्हणाली. "दुसरा कुठलाही द्या साहेब. निळा नको."

साहेब पर्यटन खात्याचे. समुद्रकाठची ही आळी त्यांना पाहताक्षणी आवडली होती. उतारावर एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली घरं, प्रत्येकाचा रंग वेगळा, दारात वाळणारी जाळी, माशांवरून जुंपलेली मांजरांची भांडणं. एवढं गोड गाव, पण ते आणखी गोड करायचं खूळ साहेबांच्या डोक्यात शिरलं होतं. सगळी घरं निळी करायची. फोटोत काय उठून दिसतील! बाकी आळीनं माना डोलावल्या होत्या. फुकटचा रंग कोण सोडतो? टोकाचं हे एक घर तेवढं अडून बसलं होतं.

"पण ताई, का?"

सूनबाईनं चहाचा कप डाव्या हातानं पुढे केला. उजवं मनगट वाकडं होतं. पायरीवरून पडले, असं ती सांगे.

उत्तर शेजारणीनं दिलं. तिला शब्द कधी कमी पडले नव्हते.

"साहेब, इथं घराची भिंत म्हणजे घरधन्याची खूण. खडकांमधून होडी आत आणायची तर आपल्या भिंतीवर नजर ठेवून आणायची. धुक्यात दारं-खिडक्या दिसत नाहीत, रंगाचा डाग तेवढा दिसतो. हिचा नवरा धुक्यातच गेला."

"गेला म्हणजे?"

"परत आला नाही. बाकीचे पुरुष मोठ्या होड्या घेऊन लांब गेलेले. हा तापट, कुणाशी पटेना, म्हणून एकटाच निघाला. होडीच्या फळ्या तेवढ्या खडकांवर सापडल्या."

उंबऱ्यावर सासूबाई बसल्या होत्या, समुद्राकडे तोंड करून. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी मान पाण्याकडेच. एकुलता एक लेक गेलेला. साहेबांना पुढचं बोलायची लाज वाटली, पण नोकरी ती नोकरी.

"आता तर होड्यांवर यंत्रं आलीत," ते हळूच म्हणाले. "खुणा लागतात कुणाला?"

"त्याच्याकडे यंत्र नव्हतं," सूनबाई म्हणाली.

साहेबांनी बाहेर येऊन भिंत पाहिली. खारा वारा रंग टिकू देत नाही, तरी ही भिंत हळदीसारखी झळझळीत होती. चुन्यात पिवडी कालवून आळीतल्या सगळ्या बायका दरवर्षी मिळून ती रंगवतात, असं शेजारीण म्हणाली. कुणाला सांगावं लागत नाही. आपल्या घराचे पोपडे उडाले तरी चालतील, पण ही भिंत आधी.

साहेबांना अगदी गहिवरून आलं. एका माणसासाठी अख्खी आळी वाटेकडे डोळे लावून बसते, असं गाव उरलंय कुठं?

"ताई, तुमची भिंत पिवळीच राहील," ते म्हणाले. "वरच्यांचं मी बघतो. उलट बाहेर पाटीच लावू, 'वाट पाहणारं घर' म्हणून."

"पाटी नको," सूनबाई घाईनं म्हणाली. साहेबांना तिच्या साधेपणाचं कौतुक वाटलं.

निघताना ते सासूबाईंसमोर वाकले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आजी, येईल हो तुमचा लेक. आपलं घर बरोबर ओळखेल."

म्हातारीनं हात सोडवून घेतला.

साहेबांची गाडी वळणाआड गेली. बायका पायरीवर टेकल्या. सूनबाई रडत होती, मधेच हसत होती. "सुटले गं बाई," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"वेडी की काय तू?" शेजारीण म्हणाली. "इतकी वर्षं झाली. आता कुठला येतोय तो?"

"नाही गं, मला भीती वाटते."

सासूबाईंनी चाचपडत तिच्या पाठीवर हात ठेवला.

"भ्यायचंच असेल तर मी भ्यावं, पोरी," त्या म्हणाल्या. "तो निघाला तेव्हा भिंत निळी होती, आणि तो पाण्यावर असतानाच पिवळ्या रंगाचा पहिला हात मी मारला होता."